समता मैदानावर, भार मैदानाबाहेर

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया या बेटराज्याची लोकसंख्या सुमारे पावणेसहा लाख. या लहानशा राज्याचे राजकारण गेली काही वर्षे फुटबॉलच्या एका स्टेडियमने ढवळून काढले आहे. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने टास्मानियाला एकोणिसाव्या संघाचा परवाना दिला. मात्र राजधानी होबार्टमधील मॅक्वारी पॉइंट येथे तेवीस हजार प्रेक्षकांचे, छत असलेले नवे स्टेडियम बांधले पाहिजे, अशी अट घातली. त्याच महिन्यात या कराराबाबतच्या गुप्ततेवर बोट ठेवून सत्ताधारी पक्षाचे दोन आमदार बाहेर पडले आणि सरकार अल्पमतात आले. जुलै २०२५ मध्ये राज्याला मुदतपूर्व निवडणुकीस सामोरे जावे लागले. सप्टेंबरमध्ये राज्याच्या नियोजन आयोगाने हा प्रकल्प हाती घेऊ नये, असा सल्ला दिला. तरीही डिसेंबर २०२५ पर्यंत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला मंजुरी दिली.

एका खेळापायी एवढा आटापिटा का, असे दूरस्थ वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा वाद वस्तुतः खेळाचा नाही. एखाद्या उद्योगाचा विस्तार होतो तेव्हा त्याचा नफा कोणाकडे जातो आणि त्याची जोखीम कोणाच्या माथी बसते, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न येथे जर्सी घालून मैदानात उतरला आहे.

हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू आणि क्रिकेटचे लंबवर्तुळाकार मैदान असे त्याचे स्वरूप आहे. १८५९ मध्ये मेलबर्न येथे त्याचे नियम लिहिले गेले. भारतीय वाचकांना कसोटी सामन्यांमुळे परिचित असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हेच या खेळाचेही माहेरघर असून अंतिम सामन्यास तेथे सुमारे एक लाख प्रेक्षक जमतात. १८९७ मध्ये आठ संघांनी सुरू झालेली व्हिक्टोरियन फुटबॉल लीग १९२५ मध्ये बारा संघांची झाली. यांपैकी बहुतेक संघ मेलबर्नच्या उपनगरांचे होते. माणूस ज्या वस्तीत जन्मला त्या वस्तीचा संघ त्याचा, इतका साधा हा हिशेब होता.

स्पर्धकांचे सहकार्य

व्यावसायिक खेळाचे अर्थशास्त्र इतर धंद्यांहून निराळे असते. साबणाच्या कारखानदारास प्रतिस्पर्ध्याचे दिवाळे निघाले तर आनंद होतो. फुटबॉलचा संघ मात्र प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यास स्वतःही बुडतो, कारण सामना हा माल दोघांनी मिळूनच तयार करावयाचा असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये मुष्टियोद्धा जो लुई याचे उदाहरण देऊन हे तत्त्व मांडले. लुईची कमाई त्याच्यासमोर मॅक्स श्मेलिंगसारखा तोलामोलाचा गडी उभा असण्यावर अवलंबून होती. निकाल आधीच ठाऊक असेल तर तिकीट कोण काढणार?

ऑस्ट्रेलियन लीगने हे तत्त्व मनोभावे स्वीकारले. पूर्वी खेळाडू ज्या विभागात राहत असे त्या विभागाच्या संघाशी तो जवळजवळ वेठीसारखा बांधलेला असे. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न हा कर्जबाजारी संघ सिडनीस हलवण्यात आला, तेव्हा सिल्व्हिओ फॉस्किनी या तरुण खेळाडूने तेथे जाण्याचे नाकारले. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचे हे नियम म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन होय, असा निर्णय दिला. त्यानंतर लीगने नवी व्यवस्था उभारली. १९८६ पासून होतकरू खेळाडूंची निवड क्रमवारीने होऊ लागली आणि तळाच्या संघास पहिली पसंती मिळू लागली. त्याच दशकात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा आली. दूरचित्रवाणीचे उत्पन्नही लीगमार्फत सर्व संघांपर्यंत पोहोचते. भांडवलशाही देशात, निखळ व्यापारी हेतूने, समाजवादाचा असा प्रयोग चालावा हे गमतीचे खरे. पण तो यशस्वी झाला हेही मान्य केले पाहिजे. २०२५ ते २०३१ या सात वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांचे मूल्य साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर आहे.

विस्ताराची किंमत

अर्थात हे यश विस्तारावाचून आले नसते. १९८७ मध्ये पर्थचा वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेन हे संघ आले. त्यांनी परवान्यापोटी भरलेल्या रकमांनी मेलबर्नच्या जर्जर संघांना तगवले. १९९० मध्ये लीगचे नावच 'ऑस्ट्रेलियन' झाले. पुढे ॲडलेड, फ्रीमँटल, पोर्ट ॲडलेड आणि २०११–१२ मध्ये गोल्ड कोस्ट व पश्चिम सिडनी असे संघ येत गेले. खेळ राष्ट्रीय झाला. मात्र या प्रवासात कोण गाडीतून खाली उतरवला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे.

फिट्झरॉय हा १८९७ च्या संस्थापक संघांपैकी एक. आठ वेळा विजेता ठरलेला हा संघ कर्जात बुडाला. त्याच्या धनकोंत प्रशांत महासागरातील नौरू या चिमुकल्या देशाची विमा संस्था होती, हा इतिहासातील एक विचित्र योगायोग. १९९६ मध्ये धनकोने नेमविलेल्या प्रशासकाने संघाचे ब्रिस्बेनमध्ये विलीनीकरण केले. पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरणाऱ्या सभासदांना त्यावर मत देण्याची संधीही मिळाली नाही. याउलट त्याच वर्षी हॉथॉर्न आणि मेलबर्न यांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव हॉथॉर्नच्या सभासदांनी मतदानाने फेटाळला. त्या हॉथॉर्नने पुढे २००८ मध्ये आणि २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळवले. १९८९ मध्ये फुटस्क्रे या कामगारवस्तीच्या संघाचे विलीनीकरण जवळजवळ ठरले होते. लोकांनी दारोदार फिरून पैसा जमवला आणि संघ वाचवला. तोच संघ २०१६ मध्ये विजेता झाला. ताळेबंदावरून मृत ठरवलेल्या संस्था जिवंत असू शकतात, एवढा धडा यातून घेण्यास हरकत नसावी. चाहत्याची निष्ठा ही या उद्योगाची सर्वांत मोठी मालमत्ता, पण ती कोणत्याही हिशेबवहीत भांडवल म्हणून दाखवली जात नाही.

दुसरा भार खेळाडूंच्या शरीरावर पडतो. २०२३ च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा एक तृतीयांशाच्या आतबाहेर आहे. परंतु शरीराच्या झिजेचा हिशेब वेतनात मावत नाही. या खेळात शिरस्त्राण सक्तीचे नाही आणि डोक्यावरील आघात नित्याचे आहेत. पॉली फार्मर या थोर खेळाडूच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी जडणारा असाध्य विकार त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, निष्पन्न झाला. असा तो या लीगचा पहिला खेळाडू. त्याच वर्षी निवर्तलेला शेन टक, आणि महिलांच्या लीगमधील हेदर अँडरसन यांच्या बाबतीतही पुढे तेच आढळले. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वैद्यकीय सल्ल्याने निवृत्त झाला. लीगने २०२१ मध्ये अशा आघातानंतर किमान बारा दिवसांचा नियम केला, हे स्वागतार्हच आहे. तथापि कारखान्यातील कामगारास कामावरील इजेबद्दल जी नुकसानभरपाई कायद्याने मिळते, तीतून ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळाडूंना सामान्यतः वगळलेले आहे. २०२३ मध्ये तेथील सिनेटच्या समितीने या अपवादाचा फेरविचार सुचवला. त्याच वर्षी माजी खेळाडूंच्या वतीने लीगविरुद्ध सामूहिक दावाही दाखल झाला. करार करताना जो नोकर असतो तो जखमी झाल्यावर नोकर राहत नाही, ही विसंगती डोळ्यांत भरणारी आहे.

टास्मानियाचा कौल

तिसरा भार सरकारी तिजोरीवरचा. टास्मानियाने लीगला काय दिले नाही? तीन वेळा ब्राउनलो पदक जिंकणारा इयन स्टुअर्ट, सेंट किल्डाच्या एकमेव विजेत्या संघाचा कर्णधार डॅरेल बॉल्डॉक, १९७१ मध्ये एका हंगामात दीडशे गोल करणारा पीटर हडसन, हे सारे याच बेटाचे. तरीही बाजारपेठ लहान म्हणून त्याला दशकानुदशके संघ नाकारला गेला. उलट हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न यांनी आपले काही सामने बेटावर खेळावेत म्हणून तेथील सरकार त्यांना पैसे देत आले. आपली मुले परक्यांना द्यावयाची आणि ती खेळताना पाहण्यासाठी भाडे भरावयाचे, असा हा व्यवहार होता. त्यामुळे मार्च २०२४ मध्ये 'डेव्हिल्स' या संघाचे नाव जाहीर होऊन दहा डॉलरचे सभासदत्व खुले होताच अल्पावधीत दोन लाखांहून अधिक सभासद झाले, यात नवल नाही.

ही भूक खरी आहे, म्हणूनच ती सौदा करणाऱ्याच्या हातातील हुकमाचे पान ठरते. मूळ अंदाजात स्टेडियमचा खर्च ७१ कोटी ५० लाख डॉलर होता. त्यात राज्याचे ३७ कोटी ५० लाख, केंद्राचे २४ कोटी आणि लीगचे अवघे दीड कोटी होते. पुढे हा अंदाज एक अब्ज डॉलरच्या वर गेला. दहा वर्षांत संघ आणि खेळाचा विकास धरून एकूण ३६ कोटी डॉलर देण्याचे लीगने मान्य केले आहे, हे येथे नमूद केलेच पाहिजे. पण स्टेडियमची अट लीगची, आणि वाढीव खर्चाचा धोका मुख्यतः राज्याचा, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस ग्रुएन यांनीही जानेवारी २०२५ मधील अहवालात या व्यवहारावर कठोर टीका केली होती.

होबार्टच्या बेलराइव्ह आणि लॉन्सेस्टनच्या जुन्या मैदानांवर खेळून संघ जगला नसता, असे लीग म्हणते. कदाचित ते खरेही असेल. पण तसे असेल तर लीगने आपल्या खात्रीची किंमत स्वतः मोजण्यास तयार असावयास हवे. ज्या तत्त्वाने उत्पन्नाची वाटणी केली, त्याच तत्त्वाने जोखमीचीही वाटणी झाली पाहिजे. वाढलेल्या खर्चात लीगचा ठरावीक वाटा असावा, जखमी खेळाडूस कामगाराचा कायदा लागू व्हावा आणि विलीनीकरण सभासदांच्या मताशिवाय होऊ नये. या तीन मागण्यांत क्रांतिकारक असे काहीच नाही. तळाच्या संघास पहिली पसंती देण्याइतका न्याय ज्या संघटनेस सुचला, तिला हे सुचू नये असेही नाही.

टास्मानियाचा संघ २०२८ मध्ये मैदानात उतरावा अशी योजना आहे. त्या दिवशी बेटावर दिवाळी असेल यात शंका नाही. फटाक्यांचे बिल कोणाच्या नावावर फाडले गेले, हे मात्र त्यानंतरच्या कित्येक अर्थसंकल्पांत दिसत राहील.