चासी मालकाची, पण खारं पाणी सगळ्यांचं

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. रात्री अडीचला चुलतभावाचा फोन. मिरकरवाड्यातून बांगडा भरून कोल्हापूरला निघालेली त्याची पिकअप आंबा घाटात एका अंगाला बसली होती. मला वाटलं पाटा तुटला असेल. मासळीच्या गाडीला त्यात नवीन काही नाही. तो म्हणाला, "दादा, पाटा शाबूत आहे. पाट्याचं हँगर जिथं बसतं ना, तिथली चासीच फाटलीय."

चढाचं वळण होतं, वेग कमी होता, म्हणून दोघं वाचले. मासळी वाचली नाही. दुसरी गाडी येईपर्यंत उजाडलं, बर्फ विरघळला, लिलाव हुकला. विमेवाल्यांनी सांगितलं की गंज म्हणजे झीज, आणि झीज पॉलिसीत बसत नाही. गाडीचा हप्ता मात्र त्या महिन्यातही बसलाच.

आता खरी गोष्ट ऐका. गाडी नऊ वर्षांची. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. ते या प्रकाराच्या तीनच महिने आधी झालं होतं. दिवे बघितले, इंडिकेटर बघितले, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बघितल्या, नंबरप्लेट बघितली. गाडीखाली कुणी वाकलं नाही. आणि वाकलं असतं तरी काय दिसलं असतं? पासिंगच्या आदल्या दिवशी चासीला काळा रंग आम्हीच मारला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावर दहातले आठजण हेच करतात.

घाटातल्या प्रकारानंतर जो भेटला तो एकच बोलला: "निगा राखायला हवी होती." बरोबर आहे. पण निगा राखायची म्हणजे नक्की काय करायचं, आणि ती राखायला लागणारं साधं गोडं पाणी बंदरावर कुठे मिळतं, हे त्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण पिकअप चालवणाऱ्यांनी आणि घाटात त्यांच्या मागेपुढे स्कूटर चालवणाऱ्यांनीही वाचावी.

आधी गंज कसा लागतो ते बघू.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. बर्फ गोड्या पाण्याचा असला तरी क्रेटमध्ये तो मासळीच्या अंगावरच्या खाऱ्या पाण्यात, रक्तात, चिकट्यात मिसळतो. ते पाणी हौद्याच्या फटींतून रात्रभर चासीवर ठिबकत राहतं. हर्णैसारख्या ठिकाणी लिलाव वाळूवरच, तिथे खालूनही मीठ लागतं. रंगाला कुठे टवका उडालेला असला की तिथून लोखंड उघडं पडतं आणि मीठ आपलं काम सुरू करतं.

बरेच जण म्हणतात, "गाडी सुकली की झालं." तसं होत नाही. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच चासीवर होतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर त्याहून बऱ्याच कमी दमट हवेतही ओलं होतं. म्हणजे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी शेडमध्ये उभी असते तेव्हा ती आराम करत नसते. न धुता उभी केली असेल तर दोन महिने ती आतून कुजत असते.

आणि आतून हा शब्द मुद्दाम वापरला. चासीचे दोन लांब दांडे काही भागात बंद पेटीसारखे असतात. त्यांना खाली पाणी निघायची भोकं असतात. त्या भोकांत चिखल, वाळू, खवले बसले की पाणी आतच साचतं. बाहेरून रंग चांगला, आत पापुद्रे. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. जिथे दोन पत्रे एकावर एक रिव्हेटने बसवलेत, तिथे तो मध्ये फुगून पत्रे फाकवतो. हँगरपाशी हेच झालं.

आपण काय करतो? तीन गोष्टी, आणि तिन्ही अर्धवट.

पहिली, जळकं ऑईल मारणे. त्याने पाणी थोडं अडतं हे खरं, पण ते रबरी बुश खातं, ब्रेकवर उडालं तर जीवावर बेततं, आणि उरलेलं रस्त्यावर आणि खाडीत जातं. ज्या खाडीतली मासळी आपण विकतो, त्याच खाडीत.

दुसरी, गंजावरच जाड काळं कोटिंग मारणे. हे सगळ्यात वाईट. कोटिंगखाली मीठ आणि ओल दोन्ही कोंडून राहतात. वरून गाडी नवी दिसते आणि पुढच्या वेळी हात लावला की कोटिंग चादरीसारखं सुटून येतं, मागे भोक.

तिसरी, गंजलेल्या जागेवर पट्टी ठेवून वेल्डिंग. वेल्डिंगच्या आचेने पेटीच्या आतला रंग जळतो. बाहेरून मिस्त्री रंग मारतो, आत कोण मारणार? मग पट्टी मजबूत राहते आणि पट्टीच्या शेजारची चासी फाटते. भावाच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी अशीच पट्टी मारली होती. फाटली ती पट्टीला लागूनच.

मग करायचं काय? मी मिस्त्री नाही, पण या सहा महिन्यांत जाणत्या बॉडीवाल्यांशी बोलून आणि स्वतः गाडीखाली झोपून जे समजलं ते सांगतो.

खेप उतरली की त्याच दिवशी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. आमच्या गाडीला दोनशे लिटरच्या एका पिंपात काम भागतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात मचूळ होतात; ते पाणी आधी जिभेवर ठेवून बघा. खारट असेल तर धुण्याचा काही उपयोग नाही. पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. पेटीच्या आतही पाणी सोडा.

वर्षातून एकदा हातोडी घेऊन खाली झोपा आणि चासीवर हलके ठोके मारत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. हँगर, क्रॉस मेंबर, मागच्या चाकांच्या वरची कमान या जागा आधी बघा. पापुद्रे सुटत असतील तर ते वायर ब्रशने आणि ग्राइंडरने लोखंड दिसेपर्यंत काढा, धुवा, पूर्ण सुकवा. मग जस्ताचा प्राइमर, त्यावर चांगला रंग. गंज काळा करणारं द्रावण मिळतं, ते पातळ आणि घट्ट चिकटलेल्या गंजापुरतंच ठीक. पापुद्र्यांवर ओतून काही होत नाही. पेटीच्या आत रंग पोचत नाही, तिथे नळीने मेणासारखं किंवा ग्रीससारखं संरक्षक द्रव्य मारून घ्या. नवी गाडी घेतली तर पहिली खेप भरण्याआधीच हे करा.

हौद्यात क्रेटखाली कड असलेला ट्रे बसवा आणि त्याचं पाणी पाइपने एका टाकीत घ्या. खर्च होतो. पण चासी वाचते, आणि घाटात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं चाकही घसरत नाही. रस्त्यावर सांडणाऱ्या मासळीच्या पाण्यावरून लोक आपल्याला शिव्या देतात, त्या काही उगीच नाहीत.

आणि जिथे भोक पडलंय, हातोडीने पत्रा आत जातोय, तिथे रंग, पट्टी, जुगाड काही नको. तो भाग बदलायचा, नाहीतर गाडी थांबवायची. आणखी एक, चासी नंबर चासीवरच कोरलेला असतो. गंजाने तो पुसला तर ना पेन्सिलचा छाप निघतो, ना गाडी नावावर होते, आणि नंबर परत कोरून घ्यायला आरटीओच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. निदान तेवढी जागा तरी जपा.

झाली मालकाची बाजू. आता दुसरी.

अमेरिकेत बर्फाळ भागात थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडच्या पिकअपच्या चासी अशाच कुजतात. टोयोटाच्या टाकोमा या पिकअपच्या १९९५ ते २००० च्या मॉडेलमध्ये हा प्रकार इतका वाढला की २००८ मध्ये कंपनीने चासीवरची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि वाईट अवस्थेतल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत घेतल्या. पुढच्या मॉडेलांवरून मालक कोर्टात गेले. २०१६ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांसाठी समझोता झाला. त्याची किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज तेव्हा छापून आला होता. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक पडलेली चासी बदलून द्यायचं ठरलं.

तिकडचं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. आपल्या पिकअपची चासी वाईट बनवतात असंही नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. मला त्यातल्या एकाच गोष्टीचं महत्त्व वाटतं. किती भोक म्हणजे गाडी रस्त्यावर नको, हे कुणीतरी मोजून ठरवलं. मीठ रस्त्यावर होतं, तरी सगळा दोष मालकाच्या निष्काळजीपणावर ढकलून विषय मिटवला नाही.

आपल्याकडे काय मागता येईल? माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, प्रत्येक मासळी उतरवण्याच्या बंदरावर गाड्या धुण्यासाठी गोड्या पाण्याचा रॅम्प. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये २०,०५० कोटींची जाहीर झाली. त्यात बंदरांचं आधुनिकीकरण आहे, इन्सुलेटेड गाड्यांना अनुदान आहे. मग त्याच गाड्या बंदरातून बाहेर पडताना धुवायला एक रॅम्प, एक टाकी आणि सांडपाण्याची सोय का असू नये?

यावर लोक विचारतील, "मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येतो आणि तुम्ही गाड्या धुणार?" प्रश्न रास्त आहे. पिण्याचं पाणी आधी, यात वादच नाही. पण कोकणात पाऊस कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. बंदरांवरच्या लिलाव शेडची छपरं केवढी मोठी आहेत बघा. त्यावरचं पाणी आज गटारातून समुद्रात जातं. ते साठवून निम्मा हंगाम जरी निघाला तरी खूप झालं.

दोन, पासिंगमध्ये गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन खालून तपासा, आणि ताजा रंग दिसला तर तिथे हातोडी मारा. आता यंत्रांवर तपासणी करणारी केंद्रं येत आहेत. यंत्र ब्रेक मोजेल, धूर मोजेल. कुजलेली चासी मात्र माणसानेच वाकून बघावी लागेल. मालकांना हे आवडणार नाही, मला माहीत आहे. मलाही त्या दिवशी आवडलं नसतं. पण कुणी हातोडी मारली असती तर गाडी महिनाभर गॅरेजला उभी राहिली असती. घाटात बसली नसती.

तीन, गाडी विकताना डीलरने विचारावं: काय वाहणार? मासळी म्हटल्यावर चासीच्या आतलं संरक्षण आणि धुण्याची पद्धत मराठीत लिहून द्यावी. कर्ज मंजूर करायला सतरा कागद लागतात, त्यात अठरावा हा.

हंगामाचा फेराच असा आहे की निगेला वेळ मिळत नाही. ऑगस्ट ते मार्च मासळी, एप्रिल-मेमध्ये आंबा, आणि गाडी मोकळी होते ती नेमकी जूनमध्ये, जेव्हा हवा इतकी ओली की रंग धड सुकत नाही. म्हणून मासळी संपून आंबा सुरू होण्याआधीचे चार दिवस या कामाला काढा. एक-दोन खेपा बुडतील. भावाचे त्या एका रात्रीत यापेक्षा जास्त बुडाले.

त्याची गाडी आता परत रस्त्यावर आहे. मागचा भाग बदलला, हौद्यात ट्रे बसवला. रोज खेपेवरून आला की पिंपभर पाणी काढून गाडीखाली शिरतो. ते पाणी तो घरून आणतो, कारण बंदरावर अजून नळ नाही.

तुमच्या बंदरावर आहे का? असेल तर कुठल्या, ते खाली लिहा. नसेल तर तेही लिहा. यादी झाली की मच्छीमार सोसायट्यांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला एकत्रच निवेदन देऊ. आणि आज संध्याकाळी, लांब ठेवू नका, टॉर्च घेऊन एकदा गाडीखाली वाका.