डबा बदलण्याआधी डबा उघडून बघा



आडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की आमच्या शेती विभागाला जुन्या जीपची आठवण होते. एरवी ती शेडमध्ये उभी असते आणि तिच्या वयाची चेष्टा करायला कोणी मागेपुढे पाहत नाही. पण जुलै-ऑगस्टात काळ्या रानात चिखल झाला, मळईच्या वाटेला मोटारसायकली आडव्या पडू लागल्या, की सगळे तिच्याकडेच बघतात.

या जीपचा ट्रान्सफर केस काढून नव्या घडणीचा बसवावा, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. सूचना चांगल्या मनाने केली आहे, यात शंका नाही. शिवाय गावोगावी आपल्या सभासदांच्या घरी जुन्या जीप आहेत. उसाच्या बिलाचा हप्ता जमा झाला की पोरं पहिली गाडी गॅरेजला नेतात आणि ‘हा डबा काढा, तो टाका’ म्हणतात. पैसा कारखान्याचा असो वा घरचा, तो शेवटी उसाचाच. म्हणून या विषयावर आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

ट्रान्सफर केस म्हणजे गियरबॉक्सच्या मागे जोडलेला दुसरा डबा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना द्यायची की चारही चाकांना, आणि साध्या वेगाने द्यायची की सावकाश पण दमदार, हे तो ठरवतो. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये विलिस घराण्यातला डाना १८ हा डबा येतो. त्यात साखळी नाही, सगळे काम दात्यांवर चालते. साध्या रस्त्यावर दोन चाकांवर चालतानासुद्धा ताकद मधल्या गियरमधूनच जाते, म्हणून तो घुरघुरतो. पुष्कळ जण या आवाजाला घाबरूनच डबा बदलायला निघतात. थोडी घुरघुर हा त्याचा आजार नव्हे, स्वभाव आहे.

आता हिशेब करू. जीपच्या तीन गियरच्या गियरबॉक्सचा पहिला गियर सुमारे २.८०, डाना १८ चा लो गियर २.४६ आणि धुऱ्याचे प्रमाण ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ फेरे फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. आता १९६२ पासून आलेला डाना २० घ्या. डबा नवा, पण त्याचा लो गियर २.०३. गुणाकार साडेतीसवर उतरला! पैसे घालून चिखलातला जोर कमी केला. अमेरिकेत १९८० ते १९८६ च्या जीपमध्ये आलेला डाना ३०० चांगला आहे, त्याचा लो गियर २.६२. गुणाकार होतो साडेएकोणचाळीस. फायदा झाला, पण शंभरात सहा-सात.

तोही टिकत नाही. कारण नवा डबा आला की पोरांना मोठे टायर हवेच असतात. ६.००-१६ च्या साधारण साडेअठ्ठावीस इंची टायरच्या जागी ७.००-१६ चा साडेतीस इंची घातला, की साडेएकोणचाळीसचे पुन्हा ३७ झाले. जिथून निघालो तिथेच आलो. मधे हप्ता मात्र गेला.

दुसरी गोष्ट जोडकामाची. डाना १८ मधून पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट उजव्या अंगाने निघतात, त्यामुळे मागच्या धुऱ्याचा गोळाही उजवीकडेच असतो. डाना २० किंवा ३०० चा मागचा शाफ्ट मधून निघतो. म्हणजे एक तर धुरा बदला, नाही तर शाफ्ट तिरका चालवा आणि क्रॉस तोडत बसा. डाना १८ चा गियर गियरबॉक्सच्याच शाफ्टवर बसतो. डाना ३०० लावायचा तर मधे जोडतुकडा घालावा लागतो. तेवढा मागचा शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन वाढतो. आपल्या जीपचा शाफ्ट मुळातच आखूड आहे. नुसते बेणे बदलून, निचरा न काढता चोपण रानात उतारा वाढत नाही, हे आम्ही आपणांस नेहमी सांगतो. इथेही तेच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमला असतो. डबा काढला की हँडब्रेकही निघाला. नवा डबा बसवणाऱ्याने त्याची सोय केली नाही, तर गाडी हँडब्रेकशिवायच घरी येते. गेल्या हंगामात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. अशीच एक जीप कालव्याच्या भरावावर उभी केली होती. मालक खाली उतरून मोळ्या मोजत होता. गाडी हळूच मागे सरकली, उतार धरला आणि बाभळीला अडकून थांबली. बाभळीपलीकडे तोडणी मजुरांची दोन लेकरे खेळत होती. बाभूळ नसती तर काय झाले असते, ते लिहिण्याची गरज नाही. त्या मालकाला गियरबॉक्सची, टायरची, रंगाची सगळी माहिती होती. हँडब्रेक कुठे गेला, हे मात्र त्याने विचारले नव्हते.

मग करावे काय? आमचे मत असे की आधी आहे तो डबा उघडावा. बहुतेक वेळा मधला शाफ्ट आणि त्यावरची रोलर बेअरिंगे झिजलेली असतात, थ्रस्ट वॉशर संपलेले असतात, ऑइल सील गळत असतात. मागचा सील गळला की तेल ड्रमवर जाते आणि हँडब्रेक धरत नाही. लो गियर उडत असेल तर दाते व दांड्याची स्प्रिंग तपासावी. तेलाची पातळी दोन्ही डब्यांत वेगवेगळी बघावी, कारण गियरबॉक्सचे तेल ट्रान्सफरमध्ये उतरण्याची या जोडीला खोड आहे. पुढचे चाक जोडल्याशिवाय लो गियर पडू नये म्हणून दांड्यांच्या मधे एक अटकाव असतो. तो काढून टाकू नये. काढला तर सगळा जोर एकट्या मागच्या धुऱ्यावर येतो आणि शाफ्ट तुटतो. डांबरी कोरड्या रस्त्यावर चार चाके जोडून चालवू नये. वळताना पुढची चाके जास्त अंतर कापतात, आणि तो ताण सोडायला या डब्यात जागा नाही.

बदल कधीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. डिझेल इंजिन, चार-पाच गियरचा गियरबॉक्स आणि मध्यावरचा धुरा आधीच बसलेला असेल, तर त्याला शोभेल असा डबा घालणे योग्यच. पण मग शाफ्ट, क्रॉस, ब्रेक आणि हँडब्रेक यांसह पूर्ण काम करावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच कलमावर कडक निर्णय दिला आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. आणि डबा कितीही दमदार असला तरी जीपला उसाची भरलेली ट्रॉली जोडू नये. ओढायचा जोर आला म्हणजे थांबवायचा जोर आला असे नाही.

विभागाच्या जीपबाबत आमची शिफारस हीच आहे: मूळ डबा ठेवावा, खोलून नीट भरावा आणि हँडब्रेक आधी दुरुस्त करावा. गळीत हंगाम संपल्यावर वर्कशॉपमध्ये हे काम निघेल. ज्यांच्या घरी जुनी जीप आहे त्यांनी त्या दिवशी पोरांना घेऊन जरूर यावे. आतले गियर हातात घेऊन बघितले, की गॅरेजवाल्याला काय विचारायचे ते आपोआप कळेल.