घरातला संच आणि गच्चीवरची तार

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबई नुसती पाण्यात बुडाली नाही. ती मुकी झाली. असंख्य माणसे कचेऱ्यांत, लोकलगाड्यांत आणि रस्त्यांवर अडकून पडली होती आणि घरी वाट पाहणाऱ्यांना त्यांचा ठावठिकाणा कळण्यास मार्ग नव्हता. अनेक भागांत दूरध्वनी बंद पडले, खिशातील मोबाइल निरुपयोगी ठरले. आधुनिक संदेशवहनाची सारी मदार वीज, केंद्र आणि मनोरे यांच्या साखळीवर असते. तीतील एक कडी निखळली की हातातील यंत्र कितीही महागडे असो, त्याचे खेळणे होते.

या साखळीवाचून चालणारे संदेशवहनाचे एक साधन सामान्य नागरिकाला आजही कायद्याने उपलब्ध आहे. हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ हे त्याचे नाव. एका घरातील संच, त्याला जोडलेली एक तार, दुसऱ्या घरातील तार आणि तिथला संच. मध्ये आकाशाखेरीज काही नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हौशी मंडळी आपापले संच घेऊन धावून गेली होती. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक पथक केवळ छंद म्हणून अंदमानातून जगभरच्या हौशी केंद्रांशी बोलण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि तेच संच, त्याच तारा आणि त्याच माणसांचे सराईत हात बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क राखण्याच्या कामी आले. त्यांना संकटानंतर विहीर खणावी लागली नाही. ती आधीच खणलेली होती.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे घरासाठी संच कोणता घ्यावा, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाला वेगळेच वजन येते. परवाना हाती पडताच नवशिक्या हौशाचे लक्ष संचांच्या सचित्र माहितीपत्रकांकडे वळते. किती वॉट, किती पट्टे, किती बटणे, पडदा केवढा, यांची तुलना रात्र रात्र चालते. मग घरातील मंडळींची मनधरणी करून, प्रसंगी कर्ज काढून, मोठा संच घरी येतो आणि त्याला खिडकीच्या गजावरून सोडलेली हातभर तार जोडली जाते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे. काही महिन्यांनी त्या संचावर कापडी झाकण पडते आणि ते पुन्हा निघत नाही.

या चुकीचे मूळ वॉटच्या आकड्यात आहे. संचाची शक्ती वाढली म्हणजे आवाज त्याच प्रमाणात दूरवर पोहोचतो, ही समजूत सहज होते. पण निसर्गाचा हिशेब निराळा आहे. संदेशाची प्रबलता दाखवणाऱ्या मापकावरचा एक अंश वाढवायचा, तर शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे १०० वॉटचे ४०० वॉट केले, त्यासाठी स्वतंत्र प्रवर्धक घेतला, विजेची जोडणी बदलली आणि परवान्याची मर्यादा सांभाळली, तरी पलीकडच्या माणसाच्या मापकावर काटा एकच घर पुढे सरकतो. उलट ५ वॉट आणि १०० वॉट यांतील अंतर जेमतेम दोन अंशांहून थोडे अधिक भरते. घरातून काढून उंच, मोकळ्या जागी नेलेली तार मात्र जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही संदेशांना बळ देते. शक्ती बोलण्यापुरतीच उपयोगी पडते. अँटेना ऐकण्याच्याही कामी येते. ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्या मोठ्याने बोलण्याला संभाषण म्हणत नाहीत.

तेव्हा संच निवडण्यापूर्वी हौशाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, बोलायचे कोणाशी? शहरातल्या शहरात बोलायचे असेल, तर १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरचा लहानसा संच पुरतो. या लहरी साधारणतः नजरेच्या टप्प्यात जातात. डोंगरमाथ्यावरील रिपीटरच्या आधाराने त्यांचा पल्ला वाढतो. पण रिपीटर हीसुद्धा साखळीतली एक कडीच आहे आणि ती तुटली तर काय, याचा विचार अगोदर केलेला बरा. मुंबईहून कोल्हापूर, औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, किंवा नागपूर गाठायचे असेल, तर लघुलहरींना पर्याय नाही. ७ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे ४० मीटरचा पट्टा दिवसाउजेडी एवढे अंतर भरवशाने पार करतो, कारण वरच्या आयनांबरावर आदळून लहरी खाली परततात आणि सह्याद्रीची रांग त्यांना आडवी येत नाही. सातासमुद्रापलीकडचे मित्र हवे असतील, तर १४ मेगाहर्ट्‌झ आणि त्यावरचे पट्टे. त्यांचा भाव सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणे चढतो आणि उतरतो.

दुसरा प्रश्न, तार लावायची कुठे? ७ मेगाहर्ट्‌झसाठी मध्यभागी तोडलेली साधी तांब्याची तार, म्हणजे डायपोल, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २० मीटर लांब लागते. १४ मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे १० मीटर. वाड्याच्या अंगणात किंवा गावाकडच्या परसात ही लांबी किरकोळ आहे. तीन खोल्यांच्या सदनिकेत ती समस्या होते. म्हणून जागेचा शोध आधी, तारेची बांधणी नंतर आणि संचाची खरेदी शेवटी, हाच शहाणपणाचा क्रम ठरतो. खर्चाची विभागणीही अशीच असावी: उत्तम तार, उत्तम केबल, दणकट वीजपुरवठा आणि उरेल त्यात संच. १०० वॉटच्या संचाला प्रक्षेपणाच्या वेळी १३.८ व्होल्टला वीसएक अँपिअर प्रवाह लागतो. ऐकताना मात्र एखाद्या अँपिअरवर भागते. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल अशी सोय पहिल्या दिवसापासून केली, तरच वीज गेल्यावर हे घर बोलते राहील. भारनियमनाची वर्षे भोगलेल्या महाराष्ट्राला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

संचाकडे वळल्यावरही पारख करायची ती त्याच्या कानाची. शेजारच्या कंप्रतेवर बलवान केंद्र चालू असताना क्षीण आवाज वेगळा काढता येतो काय, अनावश्यक लहरी गाळणारे फिल्टर पुरेसे अरुंद होतात काय, तबकडी फिरवताना संच स्थिर राहतो काय, हे प्रश्न वॉटच्या आकड्याहून मोलाचे आहेत. २०१६ साली आयकॉम कंपनीचा आयसी-७३०० आला आणि अख्खा पट्टा पडद्यावर चित्रासारखा पाहण्याची सोय घरगुती संचांत रूढ झाली. ही सोय खरीच मोठी आहे. पण ज्यांच्यापाशी वीस वर्षांपूर्वीचा, नीट राखलेला संच आहे, त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. जाणत्याच्या हातचा जुना संच, समोर चालवून पाहून घेतलेला, हा पहिल्या खरेदीचा पुष्कळदा उत्तम मार्ग असतो. स्वस्त चिनी हातसंचांचा मोह मात्र आवरलेला बरा. परवान्यावाचून असा संच वापरणे बेकायदा आहे, याची जाणीव विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना नसते. म्हणूनच २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला इंटरनेटवरील वॉकी-टॉकींच्या विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली.

पैशाअभावी ज्याला संच घेता येत नाही, त्याच्यासाठी तर या देशानेच एक आदर्श निर्माण केला आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी रचलेला बिटेक्स हा संच सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जुळवता येतो. त्याच्या मूळ आराखड्यात वेटोळी गुंडाळण्यासाठी चक्क नळाचे वॉशर सुचवले होते. त्याची पुढची आवृत्ती मायक्रोबिटेक्स सुमारे १० वॉटवर सर्व लघुलहरी पट्टे हाताळते आणि देशोदेशींच्या हौशांनी तिचा स्वीकार केला आहे. जो स्वतः संच जुळवतो, त्याला तो आडवेळी दुरुस्तही करता येतो. संकटाच्या रात्री कंपनीचे सेवाकेंद्र उघडे नसते.

संच घरी आल्यावर खरी साधना सुरू होते. शहरी घरात पहिला सामना गोंगाटाशी पडतो. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, उद्वाहनाची यंत्रणा यांची अखंड खरखर दूरचा आवाज गिळून टाकते. घरचा मुख्य खटका बंद करून संच बॅटरीवर ऐकावा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक उपकरण लावून त्याला पकडावे. आपल्या प्रक्षेपणाने शेजाऱ्याच्या उपकरणात व्यत्यय येतो, अशी तक्रार आली तर तिची टर न उडवता आधी स्वतःच्या घरातील उपकरणे तपासावीत आणि फेराइटच्या कड्यांसारखे साधे उपाय योजावेत. माइकची पातळी बेताची ठेवावी; ओरडून आवाज लांब जात नाही, तो फक्त फाटतो आणि शेजारच्या संभाषणांत घुसतो. बोलण्यापूर्वी ऐकावे, कंप्रता मोकळी आहे काय ते विचारावे, आपले संकेतनाम सांगावे आणि नोंदवही ठेवावी. व्यापाराला आणि गाण्याबजावण्याला इथे मज्जाव आहे. परवान्यासाठी वयाची अट अवघी १२ वर्षे आहे. या नियमांत वाढणारा मुलगा किंवा मुलगी विज्ञानाबरोबर सार्वजनिक सभ्यतेचाही धडा घेते, हा लाभ लहान नाही.

परंतु सारी निवड अचूक केली, तरी शहरातील हौशाची नाव एका ठिकाणी हमखास अडते. ते ठिकाण म्हणजे गृहनिर्माण संस्थेची गच्ची. दोन बांबू आणि एक तार लावण्याची परवानगी मागणारा अर्ज कार्यकारिणीच्या बैठकीत येतो आणि चमत्कारिक शंकांना तोंड फुटते. इमारतीवर वीज पडेल, पोलिस येतील, किरणोत्सर्ग होईल. त्याच कार्यकारिण्यांपैकी कित्येकांनी मासिक भाड्यापोटी आपली गच्ची मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याला दिलेली असते. तो मनोरा दिवसरात्र प्रक्षेपण करतो आणि आपत्तीत कदाचित पहिल्या तासांतच मिटतो. हौशाची तार दिवसातून घटकाभर बोलते, भाडे देत नाही आणि आपत्तीत उपयोगी पडते. भाड्याच्या तराजूत ती हलकी ठरते, एवढाच तिचा अपराध.

रहिवाशांच्या शंका सरसकट धुडकावण्याजोग्या आहेत, असेही नाही. प्रक्षेपणाच्या वेळी तारेला हात लागला तर भाजू शकते. विजेच्या वाहिनीजवळ ती तुटून पडली तर प्राणावर बेतेल. वादळी पावसात योग्य भूसंपर्क नसणे हा निष्काळजीपणाच आहे. म्हणून परवानगी अटींसह असावी. तार माणसाच्या हाताबाहेर असावी, वाहिन्यांपासून दूर असावी, भूसंपर्क जाणकाराकडून करून घ्यावा, परवान्याची प्रत संस्थेच्या दप्तरी असावी आणि गच्चीच्या गळतीची जबाबदारी अर्जदाराने स्वीकारावी. या अटी कोणताही प्रामाणिक हौशी आनंदाने पाळील. परवाना देताना शासन त्याची परीक्षा घेते. शेजाऱ्यांनी त्याच्यावर निदान तेवढा विश्वास टाकावा.

हौशांनीही आपल्या बाजूचे कर्तव्य ओळखले पाहिजे. सेवेचा दाखला देऊन गच्ची मागायची आणि संचावर वर्षभर धूळ साठू द्यायची, हे न्यायाचे नाही. आठवड्यातून एकदा तरी ठरलेल्या वेळी राज्यातील इतर केंद्रांची हजेरी घ्यावी, महिन्यातून एकदा संच केवळ बॅटरीवर चालवून पाहावा आणि पावसाळ्यापूर्वी तार, दोर व जोडण्या तपासाव्यात. जमल्यास इमारतीतील मुलांना एखाद्या संध्याकाळी बोलावून, छताच्या खरखरीतून नागपूरचा आवाज कसा उमटतो ते ऐकवावे. कार्यकारिणीपुढे केलेल्या दहा अर्जांहून अशी एक संध्याकाळ अधिक प्रभावी ठरते.

शंभर वॉटचा संच कोणालाही विकत घेता येतो. गच्चीवरची वीस मीटर तार मात्र शेजाऱ्यांच्या संमतीवाचून उभी राहत नाही आणि तिच्यावाचून तो संच नुसता टेबलावरचा दागिना असतो. पुन्हा एखाद्या रात्री पाणी चढेल, दिवे जातील आणि खिशातील यंत्रे गप्प होतील, तेव्हा अख्खी इमारत ज्या दाराशी गोळा होईल, त्या दारामागच्या माणसाला आज गच्चीची किल्ली द्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.