व्हिडिओ जोडा, पण आधी गिनती करा

आपल्या शाळेत .२२ रायफल शस्त्रागारातून बाहेर येते तेव्हा तिचा नंबर वहीत लिहिला जातो. परत आत जाते तेव्हा तो पुन्हा तपासला जातो. एक रायफल कमी भरली तर जेवणाची घंटा झाली तरी कोणी जागचा हलत नाही. पण त्याच शाळेत संचलनाचे चित्रीकरण असलेले मेमरी कार्ड कोणाच्या तरी खिशात असते, कॉम्प्युटरवर कोणीतरी ते उतरवून घेते आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्ड पुसून पुन्हा वापरले जाते. माझ्या मते चित्रीकरणालाही वही हवी. हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या हातून चूक झाली म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या ड्रिलच्या उस्तादांचे निवृत्तीपूर्वीचे शेवटचे संचलन होते. सुमारे ४० मिनिटांचा कार्यक्रम. कॅमेरा मधे एकदाही बंद केला नव्हता, तरी कार्डावर एक नव्हे तर चार फाइली तयार झाल्या. असे का होते हे मला तेव्हा माहीत नव्हते. बऱ्याच कार्डांवर फॅट-३२ नावाची जुनी पद्धत असते. त्या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. म्हणून कॅमेरा ती मर्यादा आली की फाइल बंद करतो आणि चित्रीकरण न थांबवता पुढची उघडतो. सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने चित्रीकरण चालू असेल, तर ४ जीबी साधारण साडेअकरा मिनिटांत भरतात. हिशेब करून पाहा : ४० मिनिटांचे तीन पूर्ण तुकडे आणि एक छोटा.

मी तीन मोठ्या फाइली उचलल्या. चौथी जेमतेम दोन जीबीची होती. कार्डावर आवाज तपासण्यासाठी घेतलेले दोन-चार छोटे तुकडे होतेच, त्यातलाच हा एक असे मी समजलो. तीन फाइली जोडल्या, सुरुवातीला शाळेचे बोधचिन्ह टाकले, मागे बँडची धून लावली आणि मित्रांकडून शाबासकी घेतली. दुसऱ्या दिवशी कबड्डीचे सामने होते. कार्ड फॉरमॅट झाले आणि त्यावर दिवसभर कबड्डी भरली गेली. गेलेली फाइल परत आणणारी सॉफ्टवेअर असतात, पण त्या जागेवर दुसरे चित्रीकरण झाल्यावर तीही काही करू शकत नाहीत.

त्या चौथ्या तुकड्यात उस्तादांनी शेवटची सलामी दिली होती आणि आपली छडी नव्या उस्तादांच्या हाती सोपवली होती. ती पाच मिनिटे आता कुठेच नाहीत. उस्तादांच्या घरच्यांना त्या दिवशी येता आले नव्हते. त्यांच्यासाठीच तर तो व्हिडिओ होता. मी फोन करून उस्तादांना खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे बेटा. पुढच्या वेळी आधी गिनती कर." ते रागावले असते तर बरे वाटले असते.

सुट्टीत खमरियाला घरी गेल्यावर हे बाबांना सांगितले. बाबा तिथल्या आयुध निर्माणीत काम करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा कारखाना दारूगोळा बनवतो. वेस्टलँडमधल्या क्वार्टरच्या अंगणात बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "लॉट नंबर कुठे लिहिला होतास?" कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालावर लॉट नंबर असतो. उद्या काही बिघडले तर माल कधी बनला, कोणी तपासला, हे त्यावरून मागे जाऊन शोधता येते. माझ्या फाइलींची नावे कॅमेऱ्याने दिली तीच होती. कोणी किती फाइली उतरवल्या, याची कुठेच नोंद नव्हती.

ही चूक फक्त शाळकरी मुलेच करतात असे नाही. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या चित्रणाचा मूळ संकेत ज्या टेपवर साठवला होता, त्या टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे 'नासा'ने २००९ मध्ये सांगितले. जगाकडे उरले ते दूरचित्रवाणीवर दाखवलेले, कमी स्पष्ट चित्र. आपल्या पुण्यात जानेवारी २००३ मध्ये जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात 'प्रभात'च्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हही गेल्या. ज्याच्या प्रती दुसरीकडे होत्या ते वाचले. मूळ एकदा गेले की गेले.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. तिन्ही आपल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर पैसे न घालता करता येतात.

पहिली : कार्डावरच्या फाइली निवडून उचलू नयेत, पूर्ण कार्ड जसेच्या तसे उतरवावे. मोठ्या कॅमेऱ्यांत तर हे फार गरजेचे. पॅनासॉनिकच्या पी-टू कार्डावर चित्र एका फोल्डरमध्ये आणि आवाज दुसऱ्या फोल्डरमध्ये असतो. फक्त चित्राचा फोल्डर घेतला तर हाती मुकपट येतो. फोल्डरची रचना बदलू नये, फाइलींची नावेही बदलू नयेत. तारीख आणि कार्यक्रमाचे नाव वरच्या मोठ्या फोल्डरला द्यावे. तोच आपला लॉट नंबर.

दुसरी : तुकडे जोडताना चित्र पुन्हा दाबू नये. आपण बहुतेक जण क्लिपचॅम्पसारख्या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे टाकतो आणि नवी फाइल काढतो. त्यात प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा बांधले जाते. वेळ जातो आणि दर्जाही थोडा उतरतो. नुसते जोडायचेच असेल तर 'एफएफएमपेग' किंवा त्यावरच आधारलेले, बटणे असलेले 'लॉसलेसकट' वापरावे. दोन्ही मोफत आहेत. एकाच कॅमेऱ्याने एकाच सेटिंगवर घेतलेले तुकडे ती न दाबता एकामागे एक ठेवतात. पण एमपी-फोर फाइली विंडोजच्या साध्या कॉपी कमांडने चिकटवू नयेत. प्रत्येक फाइलला स्वतःची अनुक्रमणिका असते, त्यामुळे बहुतेक प्लेअर पहिलाच तुकडा दाखवून थांबतात. जोडलेल्या ठिकाणी आवाज अडखळतो का, तेही कानाने ऐकावे. धून, नावे, सजावट हे सगळे नंतर, आणि तेही प्रतीवर.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : तपासणी आणि वही. कार्डावर किती फाइली, उतरवल्या किती, सगळ्या तुकड्यांची मिळून मिनिटे किती आणि जोडलेल्या फाइलची किती, हे चार आकडे लिहावेत. मी ही बेरीज केली असती तर ४० च्या जागी ३४ दिसले असते आणि चूक तिथेच पकडली असती. प्रत नीट उतरली का, हे पाहायला विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' नावाची सोय आहे. ती फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा काढते. मूळ आणि प्रत यांचा ठसा जुळला की प्रत बिनचूक. दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत झाल्यावर, वहीत दोघांच्या सह्या झाल्यावरच कार्ड पुसावे.

काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, प्रत्येक पालकाच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ असतोच. असतो, पण तो आपल्या मुलापुरता, अर्ध्या मिनिटाचा आणि व्हॉट्सअॅपवरून फिरून धूसर झालेला. पूर्ण संचलन कोणाकडेच नसते. काही शिक्षकांना वाटते, कॅडेटने मैदानावर असावे, कॉम्प्युटरपुढे नव्हे. तेही खरे. पण वहीचे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. कार्ड उतरत असताना तिथे बसून राहावे लागत नाही. जागेची अडचण म्हणाल, तर असे एक संचलन १५ जीबीचे. एक टेराबाइटच्या डिस्कवर साठाहून अधिक मावतात.

नव्या सत्रात चित्रीकरण गटाला एक जाड वही आणि दोन डिस्क मिळाव्यात, अशी माझी विनंती आहे. वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्या चुकीची नोंद स्वतः लिहीन : फाइली चार, उतरवल्या तीन. पुढच्या वर्षी माझ्या जागी जो येईल, त्याने कार्ड हाती घेण्याआधी ते पान वाचावे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी (खमरिया, जबलपूर)