विश्लेषण : व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान रुग्णाच्याच मुळावर का येते?

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सहज म्हणतो. व्यक्तिमत्त्व विकाराचे, विशेषतः ‘बॉर्डरलाइन’चे निदान झालेल्यांकडे काही डॉक्टरही याच नजरेने पाहतात. भावनांचे तीव्र चढउतार, जवळचे माणूस सोडून जाईल ही भीती, स्वतःला इजा करणे ही या विकाराची लक्षणे. नैराश्याच्या रुग्णाला सहानुभूती मिळते. यांना मात्र ‘लक्ष वेधण्यासाठी चालले आहे’ हा शेरा.

एका शेऱ्याने काय बदलते?

ब्रिटनमध्ये ग्लिन लुईस आणि लुईस ॲपलबी यांनी १९८८ मध्ये हेच तपासले. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना एका काल्पनिक रुग्णाची माहिती पाठवली. तो उदास आहे, घरी एकटाच रडतो, कर्जाची चिंता आहे, आत्महत्येचे विचार येतात. काही प्रतींत ‘पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान’ असा उल्लेख होता. तो वाचणाऱ्यांना हाच माणूस अधिक त्रासदायक आणि उपचारांना कमी पात्र वाटला. कर्ज तेच, रडणे तेच. पण आत्महत्येचे विचार त्याच्या ताब्यात आहेत, असे त्यांचे मत पडले. शेरा इथे जिवाशी खेळतो. पुढे २००३ मध्ये, या निदानावरून कुणाला सेवेबाहेर ठेवू नये, असे ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेला मार्गदर्शक दस्तावेज काढून सांगावे लागले!

खरेच औषध नाही?

गोळीने हा विकार जात नाही, हे खरे. पण मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’सारख्या मानसोपचारांचा उपयोग होतो. तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या २९० ‘बॉर्डरलाइन’ रुग्णांचा मेरी झानारिनी यांच्या गटाने १० वर्षे पाठपुरावा केला. त्यातील ९३ टक्के जणांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली राहिली. नोकरी आणि नातेसंबंध सावरणे मात्र जड गेले. तिथवर निम्मेच पोहोचले.

नाव बदलून भागेल?

जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या जागतिक वर्गीकरणात विकाराचे जुने प्रकार जाऊन सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या आल्या. ‘बॉर्डरलाइन’ची नोंद करण्याची सोय तरीही ठेवली आहे. पण ‘तीव्र’ हाही उद्या शिक्काच होऊ शकतो. रात्री अपघात विभागात आलेल्या रुग्णाची जुनी फाइल आधी उघडायची की ‘आज काय झाले?’ हे आधी विचारायचे, हे कोणतेही वर्गीकरण ठरवत नाही. ते ड्युटीवरचा डॉक्टर ठरवतो.