गाभण गाय शेवटच्या महिन्यात कमी का खाते?

पोट तर भरलेले दिसते, पण गव्हाणीतले कुटार तसेच पडून असते. सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात, संग्रामपूर तालुक्यात, हे दृश्य नवे नाही. 'आता ती खाणारच नाही' म्हणून पशुपालक गप्प बसतो. नुकसान तिथेच सुरू होते.

गाईचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हशीचा सुमारे 310 दिवसांचा. जन्मावेळच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन वासरू शेवटच्या तीन महिन्यांत घेते. वाढते गर्भाशय कोठीपोटाला दाबते, चाऱ्याला जागा कमी उरते. पण एवढेच कारण नाही. विण्याच्या तोंडावर शरीरातील संप्रेरके बदलतात आणि शेवटच्या आठवड्यात भूक झपाट्याने उतरते. म्हणजे गरज सर्वाधिक, तेव्हाच खाणे सर्वांत कमी.

पचनाचेही तसेच. गाभणकाळाच्या अखेरीस चारा कोठीपोटातून लवकर पुढे सरकतो. तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना वेळ कमी मिळतो. हिरव्या, कोवळ्या चाऱ्यात हे फारसे जाणवत नाही. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे कुटार यांत जाणवते. आपल्याकडे उन्हाळ्यात दावणीला हेच असते. त्यात मे महिन्याचे ऊन, तेही भूक मारते.

हे ज्ञान बरेचसे परदेशातील मांसासाठीच्या गुरांवर झालेल्या अभ्यासातून आले आहे. महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, आपली गाय दुधासाठी आणि गोऱ्ह्यासाठी. कोठीपोटाचे काम मात्र दोन्हीकडे एकच.

कमी खाल्ले की गाय स्वतःच्या अंगावरचे मांस-चरबी वापरते. मग वासरू अशक्त, चीक कमी आणि गाय पुन्हा माजावर यायला उशीर. 'जास्त खाऊ घातले तर वासरू मोठे होऊन अडेल' हा समज अजून आहे. गाय लठ्ठ करू नये, हे खरे. पण उपाशी ठेवल्याने विणे सोपे होईलच असे नाही; कळा द्यायला ताकद उरत नाही.

जागा कमी असेल तर थोड्या घासात जास्त पोषण हवे. कडबा कुट्टी करून दिवसातून चार-पाच वेळा द्यावा, जमेल तेवढा हिरवा चारा मिसळावा. विण्याआधी दोन महिने दूध आटवावे आणि सरकी ढेप हळूहळू वाढवत एक-दीड किलोपर्यंत न्यावी. पाणी सावलीत, सतत समोर. कॅल्शियमची बाटली मात्र शेवटच्या आठवड्यांत मनाने पाजू नये. विल्यानंतर रक्तातले कॅल्शियम राखण्याची शरीराची स्वतःची तयारी त्याने मंदावते. पशुवैद्यकाला विचारावे.

इथे एक प्रश्न सरकारलाही. दुष्काळात चारा छावण्या उघडतात, तेव्हा अनुदान मोठे जनावर आणि लहान जनावर अशा दोनच गटांत ठरते. आठ महिन्यांची गाभण गाय आणि भाकड गाय यांना सारखाच वाटा. कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर कृत्रिम रेतनाची नोंद होतेच. त्या नोंदीवरून गाभण जनावरांचा तिसरा गट करून त्यांना ढेपेचा वेगळा वाटा द्यायला पुढच्या दुष्काळाची वाट पाहण्याचे कारण नाही.