ज्याची पोळी, त्याची टाळी

धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम धूलिकण, एवढी मुभा गुजरातेतल्या कारखान्यांना होती. पर्यावरण लेखापरीक्षकांच्या अहवालांवर विश्वास ठेवायचा तर जवळपास सगळे कारखाने ही मर्यादा पाळत होते. नवल म्हणजे त्यातल्या कितीतरी कारखान्यांचे आकडे १५०च्या किंचित खाली येऊन थांबत. शेकडो धुराड्यांना एकाच उंबरठ्याशी थबकण्याची बुद्धी कशी व्हावी, हा प्रश्न सरकारी फायलीत कोणाला पडला नाही. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांना तो पडला. अहमदाबाद आणि सुरत परिसरातील ४७३ कारखाने घेऊन, गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच सहकार्याने, २००९ पासून दोन वर्षे त्यांनी एक प्रयोग केला. लेखापरीक्षक मोजून गेल्यावर त्याच धुराड्यांवर तटस्थ पथके पाठवली. अहवालांत मर्यादा ओलांडणारे कारखाने होते ७ टक्के. फेरतपासणीत ते निघाले ५९ टक्के.

ही लेखापरीक्षणाची पद्धत काही गाफीलपणे आखलेली नव्हती. १९९६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशातून ती आली. लेखापरीक्षकांची पात्रता ठरलेली होती. एकाने वर्षाला किती कारखाने तपासावेत आणि एकाच कारखान्याकडे सलग किती वर्षे जावे, यावरही बंधने होती. फक्त एका ठिकाणी घोडे पेंड खात होते. तपासणारा कोण हे कारखानदार ठरवी आणि त्याचे पैसेही कारखानदारच देई. बाजाराने मग आपले काम चोख केले. लेखापरीक्षणाचा दर इतका खाली आला की त्या पैशांत यंत्रे लावून नीट मोजमाप करणे परवडूच नये. कारखानदाराला तरी मोजमाप कुठे हवे होते? त्याला हवा होता शिक्का, आणि तो रास्त दरात मिळत होता.

प्रयोगात निम्म्या कारखान्यांसाठी चार गोष्टी बदलल्या. लेखापरीक्षक चिठ्ठी टाकून नेमला. त्याचे ठरीव शुल्क सामायिक निधीतून दिले. त्याने मोजलेल्या धुराड्यांपैकी काहींवर अचानक फेरतपासणी ठेवली. दुसऱ्या वर्षी तर त्याची मोजणी किती अचूक निघाली, यावर त्याचा मोबदला ठरवला. परिणाम असा की नियमभंग करणाऱ्या कारखान्याला ‘ठीक’ ठरवण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घसरले. यातली सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच आहे. काही लेखापरीक्षक एकाच काळात दोन्ही गटांत काम करत होते. नव्या पद्धतीच्या कारखान्यात ते खरे लिहीत, जुन्या पद्धतीच्या कारखान्यात खोटे. माणूस तोच, यंत्र तेच, पदवीही तीच.

एखादी दुर्घटना घडली की आपल्याकडे नीतिमत्ता ढासळल्याचा गळा काढला जातो, दोघा-चौघांना निलंबित केले जाते आणि चौकशी समिती बसते. गुजरातेतल्या त्या लेखापरीक्षकांना यापैकी कशाचीही मात्रा लागू पडली नसती. खरे बोलले की धंदा बुडतो, अशी व्यवस्था असेल तर खरे बोलणारे त्या धंद्यात फार काळ टिकत नाहीत. उरतात त्यांना दोष देणे सोपे असते, इतकेच.

खरे आकडे हाती येताच कारखान्यांनी प्रदूषण कमी केले. जे सर्वाधिक धूर ओकत होते, त्यांनी सर्वाधिक. याचे कारण कायद्यात होते. कारखाना बंद करणे किंवा वीज तोडणे हे मंडळाच्या हातातले मुख्य हत्यार. ते इतके जड की किरकोळ चुकीवर उगारता येत नाही. त्यामुळे कारवाईचे खरे भय होते ते अतिरेकी प्रदूषण करणाऱ्यांनाच, आणि तेही त्यांचा खरा आकडा मंडळापर्यंत पोहोचला तरच. याच चमूने ९६० कारखान्यांवर दुसरा प्रयोग केला. त्यात सरकारी निरीक्षकांच्या फेऱ्या सुमारे दुपटीवर नेल्या, पण हवेत सांगण्याजोगा फरक पडला नाही. निरीक्षकांना अट्टल प्रदूषक आधीच ठाऊक होते; वाढीव फेऱ्या मधल्या फळीतल्या कारखान्यांवर खर्ची पडल्या. ‘निरीक्षक वाढवा’ आणि ‘इन्स्पेक्टर राज हटवा’ या दोन्ही घोषणा देणाऱ्यांनी हा निष्कर्ष शांतपणे वाचावा. पुढे २०१९ मध्ये सुरतेत सुमारे ३०० कारखान्यांच्या धुराड्यांवर अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवून त्यातल्या निम्म्यांसाठी धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार उभा केला गेला. त्या निम्म्यांचे उत्सर्जन बाकीच्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी उतरले. मोजमाप भरवशाचे असेल तर बाजारही हवा स्वच्छ करतो.

गुजरात मंडळाने या प्रयोगातून धडा घेतला आणि २०१५ मध्ये लेखापरीक्षक चिठ्ठीने नेमण्याचे नियम केले. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम अधिसूचित केले, त्यातही यादृच्छिक नेमणुकीचे तत्त्व आहे. हे स्वागतार्हच. पण चिठ्ठी हा चार भागांपैकी एक आणि बहुधा सर्वांत स्वस्त भाग. प्रयोगात चारही गोष्टी मिळून बदलल्या होत्या. त्यातली एकच उचलली तर तेवढेच फळ मिळेल, अशी हमी त्या संशोधनात नाही. चिठ्ठीने आलेल्या लेखापरीक्षकाच्या शुल्काची घासाघीस कारखानदाराने करायची आणि फेरतपासणीला निधी नाही म्हणून ती टाळायची, असे झाले तर टाळी पुन्हा जुन्याच पोळीसाठी वाजेल.

महाराष्ट्राने हे शेजारच्या राज्याचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवू नये. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण बंधनकारक आहे. अभियंता महापालिकेच्या यादीतला असावा लागतो, पण त्याला निवडतो आणि पैसे देतो तो इमारतीचा मालक किंवा सोसायटी. पुनर्विकास हवा असलेल्या मालकाच्या अहवालात इमारत ‘सी-१’, म्हणजे तातडीने पाडण्याजोगी ठरते. घर सोडायचे नसलेल्या भाडेकरूंनी आणलेल्या अहवालात तीच इमारत दुरुस्त होण्याजोगी असते. दोन्ही अहवालांवर सही असते ती अधिकृत अभियंत्याची. अशा भांडणांसाठी महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागते, यातच सगळे आले. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी घेणाऱ्या अवाढव्य फलकालाही स्थिरतेचे प्रमाणपत्र होते. मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला. तोही लेखापरीक्षणात किरकोळ दुरुस्तीनिशी वापरण्याजोगा ठरला होता. तिथे पैसे देणारी महापालिका होती, आणि पूलही तिचाच. म्हणजे सरकारी तिजोरीतून पैसे दिले की काम झाले असेही नाही. फेरतपासणी करणारा तिसरा कोणी लागतोच. आर्थिक राजधानीतली ‘आयएल अँड एफएस’ ही वित्त कंपनी २०१८ मध्ये कर्जफेड चुकवण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत सर्वोच्च पतमानांकन मिरवत होती. त्या मानांकनाचे शुल्कही ज्याला कर्ज हवे तोच भरतो.

यावर उद्योगांचा आणि सोसायट्यांचा आक्षेप ठरलेला आहे: आमचे पैसे, मग माणूस निवडायचा हक्क आमचा का नाही? प्लंबर निवडताना तो जरूर असावा. इथे अहवालाचे खरे गिऱ्हाईक पैसे देणारा नसतो. पुलाखालून जाणारा, शेजारच्या वस्तीत धूर गिळणारा आणि रोखे विकत घेणारा हे ते गिऱ्हाईक, आणि अभियंता नेमताना त्यांना कोणी विचारत नाही.

महापालिकेकडे अभियंत्यांची यादी तयार आहे. संगणकावर चिठ्ठी टाकायला खर्च नाही. ठरीव शुल्क मालमत्ता कराच्या देयकासोबत वसूल करता येते. फेरतपासणीचे काम व्हीजेटीआय किंवा आयआयटीसारख्या संस्थांकडे सोपवता येते. एवढ्यावरही विश्वास बसत नसेल तर येत्या पावसाळ्याआधी एकाच विभागात करून पाहावे: निम्म्या जुन्या इमारतींचे लेखापरीक्षण आजच्या पद्धतीने, निम्म्यांचे चिठ्ठीने आणि सामायिक निधीतून, आणि अचानक फेरतपासणी दोन्हींकडे. निकाल जो लागेल तो इमारतींच्या नावांसह संकेतस्थळावर टाकावा.